डिमसम गरमच खा: हाँगकाँगच्या चहाघरात मागवायचं कसं

हाँगकाँगला निघालेल्या मराठी मंडळींच्या यादीत डिस्नीलँड, पीक ट्राम आणि लांताऊ बेटावरचा मोठा बुद्ध हमखास असतात. डिमसम, म्हणजे चहाबरोबर लहान टोपल्यांतून येणारे वाफवलेले-तळलेले छोटे छोटे पदार्थ, मात्र ‘वेळ मिळाला तर’ या सदरात जातं. मग भर दुपारी, पाय दुखत असताना, सहा जण एका टेबलावर बसतात आणि एकदम वीस टोपल्या मागवतात. पहिल्या चार गरम गरम खाल्ल्या जातात. उरलेल्या समोर निवत बसतात, चिकट होतात आणि शेवटी ‘मोमोच की हे’ असा शेरा मिळतो.

यात दोष बहुतेक वेळा मागवण्याच्या पद्धतीचा असतो. वाफेवरून उतरल्यानंतर पहिली चार-पाच मिनिटं, एवढाच या पदार्थांचा खरा काळ. कधी जायचं, एका वेळी किती सांगायचं, आधी काय खायचं, हे सगळं त्या चार-पाच मिनिटांवरून ठरतं. खाली जे लिहिलंय ते हाँगकाँगमधल्या कॅन्टोनीज, म्हणजे दक्षिण चिनी पद्धतीच्या चहाघरांबद्दल आहे. चीनमधल्या ग्वांगजौ शहरातही फार फरक पडत नाही.

वेळेपासून सुरुवात करू. जुनी चहाघरं सकाळी सहा-सातलाच उघडतात आणि त्या वेळी तिथे वर्तमानपत्र घेऊन बसलेले आजोबा लोक असतात. प्रवाशाला सगळ्यांत सोयीची वेळ म्हणजे आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी साडेनऊ ते अकरा. भटारखाना पूर्ण चालू असतो, सगळे पदार्थ मिळतात आणि जागाही मिळते. रविवारी अकरा ते दीड ही कुटुंबांची वेळ. तीन पिढ्या एकत्र जेवायला आलेल्या असतात, तासभर थांबावं लागू शकतं. दुपारी दोन-अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी दर उतरतात. पैसे वाचवायचे असतील तर ही वेळ चांगली, पण चांगले पदार्थ तोवर संपलेले असतात आणि उलाढाल मंदावल्याने टोपल्या वाफेवर जास्त वेळ पडून राहतात. रात्री मात्र पारंपरिक चहाघरात डिमसम मिळेल असं धरून चालू नका. दिवसभर डिमसम देतात ती बहुतेक साखळी दुकानं.

दारात आधी माणसांची संख्या सांगायची आणि नंबराची चिठ्ठी घ्यायची. एकटे-दुकटे असाल तर अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवतील. तिकडे ती रोजची रीत आहे. बसल्यावर वेटर पहिला प्रश्न विचारतो तो चहाचा. या जेवणाला तिथे ‘याम चा’ म्हणतात, म्हणजे चहा प्यायला जाणं, तेव्हा ‘चहा नको, पाणी द्या’ हे उत्तर जमत नाही. चहाचे पैसे माणशी लागतात, साध्या ठिकाणी साधारण १० ते २५ हाँगकाँग डॉलर, आणि पुष्कळ ठिकाणी मुलांचेही धरतात.

कोणता चहा? बो लेई म्हणजे पुअर, हा आंबवलेला चहा. काळपट, मातकट चवीचा, आणि डुकराच्या चरबीवर उतारा म्हणून याच्याइतका चांगला दुसरा नाही. मांसाहारी माणसाने हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ती मातकट चव झेपणार नसेल तर गुक बो मागा, त्यात बो लेईबरोबर शेवंतीची फुलं असतात आणि चव बरीच मऊ होते. हेउंग पिन हा मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला चहा, नवख्यांना लगेच आवडतो, पण किटलीत जास्त वेळ राहिला की कडवट होतो. साउ मेई हलका. दूध-साखर कशातच घालत नाहीत. बऱ्याच ठिकाणी दोन किटल्या येतात, एकीत चहा आणि दुसरीत नुसतं गरम पाणी. चहा कडक झाला की दुसरीतलं पाणी घालायचं. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट सरकवून ठेवा, वेटर येता-जाता भरून जातो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

टेबलावर एक मोठा रिकामा वाडगा आला तर तो भांडी विसळायचा. पहिला गरम चहा कपात ओतायचा, त्यात चॉपस्टिकची टोकं आणि चमचा बुडवायचा, कप वाटीत फिरवायचा आणि पाणी त्या वाडग्यात टाकून द्यायचं. जुन्या, साध्या ठिकाणी सगळे करतात. पंचतारांकित हॉटेलात करू नये, तिथे तो वाडगाही येत नाही. चहा आधी दुसऱ्याच्या कपात ओतायचा, स्वतःच्या कपात शेवटी. कुणी तुम्हाला ओतला तर दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची, हे झाले आभार. बोलणं न थांबवता आभार मानता येतात, म्हणून ही रीत फार सोयीची.

आता मागवणं. गाड्यांवर टोपल्या फिरवणारी चहाघरं आता थोडीच राहिली आहेत. बहुतेक ठिकाणी छापील कागद आणि पेन्सिल मिळते, किंवा हल्ली फोनवर कोड स्कॅन करायचा असतो. इंग्रजी किंवा फोटो असलेला कागद वेगळा असतो, तो मागून घ्यावा लागतो. कागदावर लहान, मध्यम, मोठा, विशेष आणि सर्वांत वरचा असे वर्ग दिसतात. हे वर्ग आकाराचे नाहीत, दराचे आहेत. ‘मोठा’ वर्गातला पदार्थ तीनच तुकड्यांचा असू शकतो. मध्यम दर्जाच्या चहाघरात टोपलीला साधारण २५ ते ५० हाँगकाँग डॉलर पडतात. पदार्थापुढे हव्या असलेल्या टोपल्यांचा आकडा लिहायचा आणि कागद देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवायचा, कारण वेटर तो घेऊन जातो आणि मग काय आलं, काय राहिलं याचा हिशेब लागत नाही.

दोघांसाठी पहिल्या खेपेला तीन टोपल्या, दुसऱ्या खेपेला दोन किंवा तीन. चौघांसाठी आधी पाच, मग चार-पाच. याहून जास्त एका वेळी नको. भटारखाना पदार्थ क्रमाने पाठवत नाही. जे तयार झालं ते येतं, आणि दहा टोपल्या सांगितल्या तर कधी कधी आठ एकदमच येतात. दुसरा कागद आधीच मागून जवळ ठेवा. पहिली खेप अर्धी संपली की दुसरी द्या, कारण वाफवलेल्या पदार्थांना पाच-दहा मिनिटं लागतात आणि तळलेल्या-भाजलेल्यांना त्याहून जास्त. तुकड्यांची संख्याही बघा. हार गाव आणि सिउ माय ही डंपलिंग (दोन्हींबद्दल पुढे) बहुधा चार-चार येतात, बाओ, म्हणजे सारण भरलेले मऊ पाव, आणि गोड पदार्थ तीन. चौघांत तीन बाओ ही नेहमीची अडचण, तिथे सरळ दोन टोपल्या सांगाव्यात.

पहिली टोपली हार गावची

हार गाव म्हणजे कोळंबीचं अर्धपारदर्शक डंपलिंग. चहाघराची परीक्षा याच्यावरून करतात आणि ते बरोबरच आहे, कारण यात काहीच लपत नाही. पारी मैद्याची नसते. मैद्यातलं ग्लुटेन धुऊन काढल्यावर उरणारं गव्हाचं स्टार्च आणि त्यात थोडं टॅपिओका स्टार्च, असं हे पीठ. ग्लुटेन नसल्यामुळे गार पाण्यात ते जुळून येत नाही, म्हणून उकळतं पाणी ओतून मळतात. उकडीच्या मोदकाची उकड ज्या कारणासाठी काढतात तेच कारण. गोळा लाटण्याऐवजी तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने दाबून, फिरवून त्याची पातळ चकती करतात, आणि एकाच बाजूने सात ते तेरा चुण्या घालून मिटतात. आत कोळंबी, थोडी डुकराची चरबी, बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे, तिळाचं तेल आणि पांढरी मिरी. कोळंबीला आधी मीठ आणि सोडा किंवा स्टार्च चोळून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतात. खाताना ती करकरीत लागते ती त्यामुळे.

हे पाच-सहा मिनिटं कडक वाफेवर ठेवायचं असतं. कमी झालं तर चुण्यांच्या मुळाशी पांढरे, कच्चे ठिपके दिसतात. जास्त झालं तर पारी लगद्यासारखी होते आणि उचलताना फाटते. टोपली समोर आल्यावर आधी बघा: आतला गुलाबी रंग पारीतून दिसला पाहिजे आणि तळाच्या कागदावर पाणी साचलेलं नको. चावल्यावर पारी किंचित ताणली जाऊन तुटावी, कोळंबी अख्खी लागावी. सगळ्या चुण्या एकसारख्या साच्यातल्या, पारी जाड आणि आतलं सारण पेस्टसारखं असेल तर माल बहुधा गोठवलेला आहे. तसं झालं तर दुसऱ्या खेपेत कोळंबीचं काही सांगू नका. स्पेअर रिब्ज (डुकराच्या बरगड्या), बाओ, भात यांच्याकडे वळा, ते सहसा इतकं बिघडत नाही.

निवल्यावर हेच स्टार्च घट्ट होतं आणि कागदाला धरून बसतं. मग वर ओढलं की तळ कागदावर राहतो आणि कोळंबी ताटलीत पडते. उपाय सोपा आहे. चॉपस्टिकची टोकं चहात ओली करा, चुण्यांच्या वरच्या भागाला चिमटा न काढता दोन्ही बाजूंनी खालच्या अंगाला धरा, आधी किंचित आडवं सरकवून सोडवा आणि मग उचला. जमत नसेल तर चमच्याची मदत घ्या, त्यात कमीपणा काही नाही. हार गाव एका घासात जातं, फार तर दोन.

सिउ माय वरून उघडं असतं, पिवळ्या पारीत, आणि त्यात डुकराचं मांस नि कोळंबी असते. मांस सुरीने तोडलेलं असेल तर दाताखाली तुकडे लागतात, यंत्रातून काढलेलं असेल तर गुळगुळीत. पहिलं चांगलं. रस्त्यावरच्या टपरीत काठीला लावून मिळतं ते सिउ माय माशाच्या पेस्टचं असतं, तो वेगळाच पदार्थ आहे. चेउंग फन म्हणजे तांदळाच्या पातळ घोलाचा वाफवलेला पापुद्रा, आत कोळंबी किंवा ‘चार सिउ’, म्हणजे भाजलेलं गोडसर डुकराचं मांस, घालून गुंडाळलेला. गोडसर सोया सॉस वेटर टेबलावरच वरून ओततो. हा हार गावपेक्षाही लवकर बिघडतो. पापुद्रे एकमेकांना चिकटले की तांदळाचा गोळा खाल्ल्यासारखं होतं, म्हणून आला की बाकी सगळं सोडून आधी हाच संपवा. याच पापुद्र्यात तळलेली कुरकुरीत पिठाची कांडी गुंडाळली की झा लेउंग होतं. कुरकुरीतपणा मऊ पडायच्या आत खाल्लं तर सबंध कागदावरच्या चवदार पदार्थांपैकी एक.

चार सिउ बाओ वाफवलेला असेल तर डोक्यावर तीन-चार पाकळ्यांत फुटलेला हवा. पिठात खमीर, बेकिंग पावडर आणि बहुतेक ठिकाणी अमोनियम बायकार्बोनेट असतं, आणि वाफ जोराची असली तरच तो नीट फुटतो. अमोनियाचा वास आला किंवा वर पिवळे ठिपके दिसले तर रसायनांचं प्रमाण चुकलंय. बाओच्या तळाला कागद असतो, तो काढा. हे सांगावं लागतं, कारण पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही. भाजलेला, वरून गोड खुसखुशीत थर असलेला बाओ तिम हो वान या साखळीने जगभर पोहोचवला. २००९ साली हाँगकाँगच्या मोंगकॉक भागातल्या लहानशा दुकानात सुरू झालेल्या या ठिकाणाला पुढच्याच वर्षीच्या गाइडमध्ये मिशेलिनचा तारा मिळाला.

कोंबडीचे पाय बघून लोक मागे सरतात, पण त्यामागची मेहनत मोठी आहे. आधी तळतात, मग पाण्यात भिजवून कातडी फुगवतात, मग मसाल्यात शिजवतात आणि शेवटी काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात. एक सांधा दातांनी सोडवायचा, कातडी नि स्नायू ओढून घ्यायचे, हाडं ताटलीत काढून ठेवायची. मांस शोधू नका, ते तिथे नसतंच. बीफ बॉल्सबरोबर वूस्टर सॉसची वाटी येते, स्प्रिंग रोललाही तोच चालतो. बाकी कशावरही सोया सॉस ओतू नये. मिरचीचा सॉस मागितला तर मिळतो, एक्सओ सॉसचे (सुकवलेल्या समुद्री जिन्नसांचा तिखट सॉस) पैसे वेगळे. बसल्या-बसल्या समोर येणारे शेंगदाणे किंवा लोणचंही बिलात धरलं जातं. नको असेल तर लगेच परत करा.

शाओलोंगबाओ, म्हणजे आत रस असलेले डंपलिंग, हे शांघायकडचं. कॅन्टोनीज चहाघरात मिळालं तरी तिथे ते मागवण्यात अर्थ नाही. गोडात लाऊ सा बाओ घ्या, आत खारवलेल्या अंड्याच्या बलकाचं वाहतं कस्टर्ड असतं. ते प्रचंड गरम असतं, थेट चावा घेतला तर जीभ भाजते. वरून लहान भोक पाडून मिनिटभर थांबा.

शाकाहारी असाल तर

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण ‘व्हेज’ म्हटल्यावर आपल्याला जे अभिप्रेत असतं ते तिथे नसतं. अडचण दिसणाऱ्या मांसापेक्षा न दिसणाऱ्या चरबीची आहे. हार गावची पारी, बाओचं पीठ, एग टार्टचं आवरण, तिळाचे तळलेले गोळे, या सगळ्यांत डुकराची चरबी असू शकते. मुळ्याच्या वड्यांत, म्हणजे लो बाक गोमध्ये, सुकी कोळंबी आणि सॉसेजचे तुकडे असतात. अरवीच्या जाळीदार तळलेल्या वू गोकमध्ये डुकराचा खिमा असतो. भाजी म्हणून मागवलेल्या चोय समवर ऑयस्टर सॉस घालतात, तो कालवांचा. मँगो पुडिंगमध्ये बहुधा जिलेटिन. तळणीचं तेल सगळ्यांना एकच.

साध्या चहाघरात त्यातल्या त्यात चालण्यासारखं म्हणजे काहीही न भरलेलं चेउंग फन, सॉस वेगळा मागून, नुसत्या उकडलेल्या पालेभाज्या आणि तोफूचं गोड, ज्याला दाउ फू फा म्हणतात. एवढ्यावर कुणाचं जेवण होत नाही. त्यापेक्षा सरळ बौद्ध शाकाहारी भोजनालय गाठा. डायमंड हिल स्टेशनजवळच्या नान लिएन उद्यानात, धबधब्यामागे, ची लिन भिक्षुणी मठाचं शाकाहारी उपाहारगृह आहे. लांताऊवरच्या मोठ्या बुद्धाला जाणारच असाल तर तिथल्या पो लिन मठातही शाकाहारी जेवण मिळतं. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे जैन मंडळींची अर्धी चिंता मिटते. अर्धीच, कारण मुळा, अरवी, मशरूम सर्रास असतात. ग्लुटेनपासून केलेलं नकली चार सिउ हुबेहूब मांसासारखं दिसतं, ते ताटात आलं तर घाबरू नका. अंडं आणि दूध मात्र विचारून घ्या.

बौद्ध शाकाहाराला कॅन्टोनीजमध्ये ‘जाय’ म्हणतात. उच्चारावर विसंबू नका. ‘मांस, मासे, कोळंबी, चरबी, ऑयस्टर सॉस नको’ हे चिनी पारंपरिक अक्षरांत लिहून फोनवर ठेवा आणि दाखवा. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘न्गाऊ’ हा शब्द लक्षात ठेवावा. ‘लो माय गाय’ या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या नावातला ‘गाय’ म्हणजे कोंबडी, तिथे दचकायला नको. कोळंबीची ॲलर्जी असेल तर मात्र डिमसम टाळलेलंच बरं. टोपल्या एकावर एक रचून वाफवतात आणि वरच्या टोपलीचं पाणी खालच्या टोपलीत उतरतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर चिउ चाऊ फन गो हे डंपलिंग टाळा, त्यात दाणे असतात.

गाड्या बघायच्याच असतील तर सेंट्रल या भागातल्या सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस आहे. हॉल मोठा आहे आणि बंदराचा देखावा दिसतो. गाडीची मजा आहे, पण टोपली फिरता फिरता निवते, म्हणून भटारखान्याच्या दाराजवळचं टेबल मागा आणि झाकण उघडून वाफ उठते का बघूनच घ्या. प्रत्येक टोपलीमागे तुमच्या कार्डावर शिक्का मारतात, तो योग्य रकान्यात पडतोय ना याकडे लक्ष असू द्या. स्टॅनली स्ट्रीटवरचं लुक यू हे १९३३ साली सुरू झालेलं चहाघर महाग आहे, पण जुन्या लाकडी कामासाठी आणि जुन्या पद्धतीच्या डिमसमसाठी जायला हरकत नाही.

बिल मागताना ‘माय दान’ म्हणायचं. बिलात बहुतेक ठिकाणी दहा टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं, वर टीप दिलीच पाहिजे असं नाही, सुट्टी नाणी ठेवली तरी चालतं. लहान दुकानांत क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही, रोख किंवा ऑक्टोपस कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं, मेट्रोतही चालणारं स्थानिक कार्ड) जवळ ठेवा. उरलेलं बांधून देतात. पण हार गाव आणि चेउंग फन बांधून नेऊ नका, हॉटेलच्या खोलीत ते परत जिवंत होत नाहीत. बाओ ओल्या कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा-एक मिनिट ठेवला की ठीक होतो. लो माय गाय, कमळाच्या पानातला तो चिकट भात, पानासकट गरम करा. पान खायचं नसतं, पण भाताला ओलावा तेच धरून ठेवतं.